पालथा हात

“हात लावून बघा की चाचा, मग बोला,” असं म्हणून रेश्मानं बादली पायानं बाजूला सारली आणि ती न्हाणीच्या दारातून मागं सरली.

वायरमन इसूफचाचांनी चपला काढल्या. रक्तातल्या साखरेमुळं अनवाणी फिरायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय केव्हाच बधिर झाले होते. कुंभारी गावच्या एका लग्नात त्यांची एक चप्पल पायातून निसटली, ती त्यांना घरी आल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा कळली. पण चपला घालून करंट बघायचा म्हणजे कानात बोळे घालून सनई ऐकायची, असं त्यांचं मत. ते ओल्या फरशीवर उभे राहिले, उजवा हात पालथा केला आणि तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हळूच पितळी नळाला टेकवला. मग नळामागच्या लोखंडी पाइपला. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या मोटरीला.

“काय न्हाय,” ते म्हणाले.

“बंद मोटरीत काय असनार ओ चाचा? पान्याच्या दिवशी या म्हनते मी. मोटर लावली की नळ हात लावू देत न्हाय. हितं, कोपरापतूर झिणझिण्या येतेत.”

“मग लावू की आता मोटर.”

“कोरडी? जळंल की.”

ते मात्र खरं होतं. सोलापूरच्या नळाला पाणी येतं ते लांबच्या पाहुण्यासारखं, मधले चार दिवस सोडून. आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम ओरडायला लागतात आणि ज्याची मोटर दांडगी त्याची टाकी आधी भरते. आज नळ कोरडा होता, नुसता फुसफुसत होता.

वरच्या मजल्यावरून घरमालक प्रभुलिंग खाली आले. चाटी गल्लीत त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान. अंगावर बनियन, खांद्यावर दुकानातलाच टॉवेल.

“चाचांनी हात लावला न्हवं? मग संपला विषय,” ते म्हणाले. “तुमी दुधनीची मानसं लई भित्री बघा.”

“भित्री न्हाय अण्णा. घरात पोर हाय.”

“पोर हाय म्हनून तर चाचांना बोलावलंय. दुसऱ्या कुनाला दाखवायची गरज न्हाय. आन् मन बसत नसंल तर दुसरं घर बघा, मी धरून ठेवत न्हाय. पन माझ्या घराला नाव ठेवू नका.”

रेश्मानं बादली उचलून कोपऱ्यात ठेवली. गावाकडून सोलापुरात आल्यावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अजिंक्यनं, किती घरं बघितली होती ते तिचं तिलाच माहीत. कुठं पोर चालत नव्हतं, कुठं स्वयंपाकाचा वास चालत नव्हता. हे घर मिळालं तेव्हा अजिंक्य आनंदानं सांगत आला होता, की चाचांचा हात लागलेलं घर आहे, आता डोळे झाकून सामान टाकायचं.

“मी येतो पान्याच्या दिवशी,” चाचा म्हणाले. “पोरीचं मन राहू दे की अण्णा.”

इसूफचाचांच्या पालथ्या हाताबद्दल सोलापुरात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेलं निम्मं दोन वायरमनांना जन्मभर पुरेल. म्हणे, एका चाळीत खालच्या खोलीच्या कडीला हात लावून त्यांनी सांगितलं, की वरची बाई चोरून विजेची शेगडी वापरते. वर जाऊन बघावं तर शेगडीवर चटणीसाठी शेंगा भाजणं चाललेलं. म्हणे, एकदा बटणाच्या फळीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हा करंट लांबून आलेला दिसतोय, दमलाय.” आणि संध्याकाळी साऱ्या पेठेतले दिवे मिणमिणायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या म्हशीला ताप आहे का ते बघायला त्यांना नेलं होतं. चाचांनी म्हशीलाही हात लावला आणि अर्थिंग चांगलं आहे म्हणून सांगितलं.

त्यात जादू काही नव्हती. मिलमध्ये असताना त्यांच्या उस्तादानं शिकवलेली ती रीत होती. तळहातानं धरलं तर मूठ मिटते आणि करंट माणसाला सोडत नाही. पालथ्या हाताला बसला तर हात आपसूक मागं उडतो. टेस्टर हा बटणं आणि प्लग तपासायला. नळ, फ्रीज, कूलर, लोखंडी कपाट, बाईमाणसाचा हात जिथं जिथं लागणार तिथं वायरमननं आधी आपला हात लावायचा. उस्ताद म्हणायचा, घर दुसऱ्याचं, राहणारा तिसरा, आणि त्यांच्यामधला भरवसा आपला. मिल बंद पडली, उस्ताद गेला, पण भाड्याच्या घरांची ही तपासणी चाचांच्या अंगाला चिकटून राहिली. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत तर रंगाचा हात, फिनेलची फरशी आणि चाचांचा हात एवढं झाल्याशिवाय जुन्या मालकांपैकी कुणी घराची किल्ली भाडेकरूला देत नसे.

पाण्याच्या दिवशी चाचा सकाळीच आले, आणि पाण्यानं त्या दिवशी नेमका उशीर लावला. रेश्मानं पिंपं, हंडे, पातेली, झाडून सगळी भांडी ओळीनं मांडून ठेवली होती. तिची बालवाडीत जाणारी चंद्रिका चाचांच्या समोर फतकल मारून बसली.

“आजोबा, पानी कवा येनार?”

“आता भोंगा न्हाय ना बेटी. भोंगा होता तवा सगळं येळेवर यायचं.”

“भोंगा काय असतंय?”

मग चाचांना काय, आयतीच संधी मिळाली. त्यांनी सांगितलं, की मिलचा भोंगा वाजला की कोंबड्या आरवायच्या थांबत, कारण त्यांना लाज वाटे. भोंग्यावर लोक उठत, भोंग्यावर जेवत. साखरपुड्यात नवरा-नवरीनं अंगठी घालायची ती भोंग्यावर. एकदा भोंगेवाल्याला झोप लागली तर सूर्य हुटगीच्या पलीकडं बराच वेळ थांबून राहिला, वर येऊ का नको म्हणून. आणि मिल बंद पडून भोंगा गेला, त्या वर्षी तर सोलापुरात बाळंतपणंसुद्धा उशिरा झाली. पोरांना कळेचना, की बाहेर कधी पडायचं.

“खोटं!” चंद्रिका ओरडली.

“खोटं कसं? तुझ्या मालक-अण्णांना इचार. त्यांची आई अंबुबाई वाट बघून दमली तवा हे आले.”

जिन्यात उभे असलेले प्रभुलिंग खळखळून हसले. “काय ओ चाचा, माझा जन्म भोंगा चालू असतानाचा हाय की! मिलच्या चाळीत, माझ्या आप्पांच्या खोलीत तुमी वायरिंग करत होता, तवा मी तुमच्या शिडीखाली बसून चॉकलेट मागायचो.”

“मागायचास. आन् मी दिलं न्हाय की शिडी हलवायचास.”

तेवढ्यात नळानं खाकरून घसा साफ केला. गल्लीभर एकदम घरघर सुरू झाली. रेश्मानं प्लग लावला, मोटर ओरडायला लागली, टाकीत पाणी पडायचा आवाज आला. सगळे न्हाणीच्या दाराशी गोळा झाले.

चाचांनी चपला काढल्या. पाणी सांडलेल्या फरशीवर पाय रोवले. हात पालथा केला आणि नळाला टेकवला. ठेवला. पाइपला टेकवला. मोटरीच्या अंगावरून, डुलकी घेणाऱ्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. परत नळाला लावला.

“काय न्हाय,” ते म्हणाले.

प्रभुलिंगांनी एक सुस्कारा सोडला. “झालं! आता तरी पटलं का? चाचांचा हात हाय तो.” आणि ते समाधानानं जिना चढून वर गेले.

 रेश्मानं चाचांकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. “च्या टाकते,” एवढंच म्हणून ती आत गेली.

चाचा चपला शोधायला वळले, तर समोरून चंद्रिका आली. पायात आईच्या रबरी चपला, तिच्या पावलांच्या दुप्पट. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात लाटणं. तिनं तांब्या नळाखाली ठेवला, लांब उभी राहिली, आणि जीभ बाहेर काढून मोठ्या कसबानं लाटण्याच्या टोकानं नळाची आडवी दांडी ढकलली. पाणी सुरू झालं.

“हे काय गं?”

“नळ चावतंय. तुमी पन चप्पल घाला आजोबा.”

“मला न्हाय चावला.”

चंद्रिकानं मान वाकडी करून त्यांच्याकडं बघितलं. “तुमाला का न्हाय चावला?”

चाचा हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच राहिलं. पोरगी कुणाला दाखवायला काही करत नव्हती. तांब्या भरला, तिनं लाटण्यानं नळ बंद केला, तांब्या अलगद ओढून घेतला आणि फडक फडक करत निघून गेली. रोजच्या सवयीनं जसं दार लोटावं तसं.

चाचांनी खिशातून टेस्टर काढला. नळाला टेस्टर लावायची त्यांच्यावर कधी पाळी आली नव्हती. उस्तादानं बघितलं असतं तर कान पिळला असता. त्यांनी टेस्टरचं टोक नळाला टेकवलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं, उजेड लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि वाकून बघितलं.

आतमध्ये एक लालसर ठिणगी, उदबत्तीच्या टोकाएवढी, शांतपणे जळत होती.

त्यांनी आधी मोटरीचा प्लग ओढून काढला. मग भिंतीला टेकून आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. हात तसाच होता, तीच भाजल्याची जुनी खूण, तीच फुगलेली नस. पाय बधिर झाले तेव्हा डॉक्टरांनी पायांचंच बोलून दाखवलं होतं. हातांचं कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

न्हाणीत कुणी नव्हतं. प्रभुलिंग वर होते, रेश्मा चुलीपाशी. ठिणगी कुणीच बघितली नव्हती. ‘मोटर जरा जुनी वाटते, नेतो आणि वायंडिंग करून आणतो’ एवढं म्हटलं असतं तरी भागत होतं. घर नीट झालं असतं आणि हाताचं नावही राहिलं असतं. चाचांनी ते वाक्य मनातल्या मनात म्हणूनसुद्धा बघितलं. पण त्याच्या मागोमाग घरं यायला लागली. या उन्हाळ्यात हात लावून दिलेली घरं. कुठल्या न्हाणीत नवी नवरी होती, कुठं पाळणा टांगलेला होता, एका ठिकाणी रांगतं पोर कूलरच्या जाळीला धरून उभं राहायला शिकत होतं.

“अण्णा,” चाचांनी जिन्याकडं तोंड करून हाक मारली. “खाली या.”

प्रभुलिंग आले. रेश्मा चहाचे स्टीलचे पेले घेऊन आली.

“नळात करंट हाय,” चाचा म्हणाले. “पोरगी खरं बोलती. माज्या हाताला कळंना झालंय.”

“चाचा, तुमच्या हाताला कळंना म्हंजे नसंलच की!”

“टेस्टर दाखवतंय.”

“टेस्टर बिघडला असंल. कुटलं घेतलंत? चिनी असंल.”

रेश्माला हसावं का रडावं कळेना. “अय्यो अण्णा, ते सवता सांगायलेत की!”

चाचांनी तिच्या हातातला पेला घेतला. नुकता उकळलेला चहा, काठोकाठ. पेला मुठीत गच्च धरून ते प्रभुलिंगांशी बोलत राहिले, की आज रविवार का सोमवार, दुकान किती वाजता उघडतं, सुनेला बरं आहे का. मग म्हणाले, “धरा जरा.”

प्रभुलिंगांनी पेला धरला आणि “अगं आई गं!” म्हणून सोडला. चहा फरशीवर, पेला घरंगळत मोटरीखाली. बोटं तोंडात घालून ते चाचांच्या मुठीकडं बघत राहिले. त्या मुठीचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

“कवापास्नं?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते कळलं असतं तर आणखी काय पायजे होतं,” चाचा म्हणाले.

 चाचांनी वाकून मोटरीखालचा पेला काढला. “मोटरीतनं करंट गळतोय, ती करून आनतो. तसलं काय झालं की झटक्यात बंद पडणारं बटन पन बसवतो. पन गळला तरी करंट जमिनीत जायला पायजे, नळात का आला? अर्थिंगचा खड्डा कुटं गेला, अण्णा?”

प्रभुलिंगांनी अंगणात बघितलं. अंगणभर नवी कोरी फरशी-ठोकळे बसवलेले आणि त्यावर त्यांची गाडी.

अर्थिंगचा तो खड्डा घर बांधताना चाचांनीच खणला होता, आत कोळसा आणि खडेमीठ भरून. खड्डा ओला राहिला तरच कामाचा. पूर्वी मिलच्या चाळीतही असा एक खड्डा होता, तो ओला राहावा म्हणून तरण्याताठ्या इसूफनं बायांना सांगून ठेवलं होतं, की रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचं. बायांनी ते इतकं मनावर घेतलं, की पाण्याबरोबर हळदकुंकू आलं, मग फूल आलं. एकीचा मुलगा दहावीला तिसऱ्या खेपेला पास झाला तेव्हा खड्ड्यापुढं नारळ फुटला. ‘तू देव बसवलास की रे इसूफ,’ म्हणून प्रभुलिंगांचे आप्पा पोट धरधरून हसले होते. पुढं चाळ गेली, घर जुळ्या सोलापुरात आलं, पण अंबुबाईंनी तांब्या सोडला नाही. पाण्याची कितीही ओढाताण असली तरी भांडी धुतलेलं का होईना, पण खड्ड्याला पाणी मिळायचं. त्यांच्यामागं ते घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि गेल्या दिवाळीत ठोकळे बसले.

“आई म्हनायची,” प्रभुलिंग बोलायला लागले आणि थांबले. “मला वाटायचं, म्हातारीचं खूळ. फरशीखाली गेलं तर बरंच झालं म्हटलं, चिखल तरी होनार न्हाय.”

त्यांनी गाडी बाहेर काढली. कुदळ शोधून आणली. अंगातला बनियन घामानं चिकटला तरी ठोकळे त्यांनी स्वतःच उचकटले, चाचांना हात लावू दिला नाही. खाली माती भाजल्यासारखी कोरडी होती.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटर दुरुस्त होऊन आली होती. नवं बटण बसलं होतं. खड्ड्यात ताजा कोळसा आणि मीठ भरायचं काम चाचांनी सकाळी उकिडवं बसून स्वतः केलं, आणि नळ आल्याबरोबर पहिली बादली तिथं ओतली. मग मोटर चालू ठेवून टेस्टर लावला. ठिणगी नव्हती. परत लावला. नव्हती.

“झालं,” ते म्हणाले.

रेश्मा चंद्रिकाचा हात धरून दारातच उभी होती. तिनं मान डोलावली, पण पाऊल पुढं टाकलं नाही. तिला तरी काय दोष द्यायचा?

“टेस्टरनं बघितलंय खरं,” चाचा म्हणाले, “पन ऱ्हानाऱ्याच्या आधी घरवाल्याचा हात लागायला पायजे. आपली रीत हाय.” आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी खोडी चमकली. “अण्णा, चप्पल काढा.”

“मी?”

“मग कोन? माजा हात साक्षीला चालत न्हाय आता.”

प्रभुलिंगांनी टॉवेलनं कपाळ पुसलं. मोटरीकडं बघितलं, वर देवाकडं बघितलं. एक चप्पल काढली, मग बऱ्याच वेळानं दुसरी.

“असा न्हाय, पालथा. पालथा धरा. डोळे कशाला मिटताय, नळ लाजंल की!”

रेश्मा फिस्सकन हसली. प्रभुलिंगांनी हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. ओठ हलत होते, सिद्धेश्वराचं नाव असावं. शेवटी बोटांची पाठ नळाला टेकली. ते तसेच उभे राहिले. एक डोळा उघडला. मग दुसरा.

“काय न्हाय ओ,” ते म्हणाले, इतक्या हळू, की मोटरीच्या आवाजात ते त्यांनाच ऐकू आलं असावं. मग मोठ्यानं म्हणाले, “रेश्मा, काय न्हाय बघ. ये.”

रेश्मानं येऊन हात लावला. तिनंही पालथाच लावला. मग सबंध पंजानं नळ धरला, आणि धरूनच राहिली.

“चाचा, आता बाकीची घरं?” प्रभुलिंगांनी विचारलं.

“उद्यापास्नं निघतो. एकेक दार वाजवतो. टेस्टर हाय की.”

“आन् इचारलं लोकांनी, की परत का आला म्हनून?”

“सांगनार की. सांगायला काय, तोंड तर शाबूत हाय.”

प्रभुलिंग खड्ड्याभोवती ठोकळे रचायला अंगणात गेले. रेश्मा पिंपं भरायला लागली. चाचांचे हात कोळशानं कोपरापर्यंत काळे झाले होते. ते नळापाशी वाकले आणि त्यांनी हात धारेखाली धरले. काळं पाणी फरशीवरून मोरीकडं जाऊ लागलं. चंद्रिका शेजारी येऊन उकिडवी बसली.

“गार हाय का गं?” चाचांनी विचारलं.

चंद्रिकानं त्यांच्या हाताला लागून आपला हात धारेत घातला.

“न्हाय आजोबा. गरम हाय. वरचा पाइप उन्हानं तापलाय की. येईल आता गार.”

“आलं की सांग.”

“व्हय.”

दोघांचे हात धारेखाली तसेच राहिले. कोळसा निघून गेला, पाणी स्वच्छ झालं. अंगणातून ठोकळे एकमेकांवर ठेवल्याचा आवाज येत होता.

“आलं,” चंद्रिका म्हणाली.

चाचांनी ओंजळ केली आणि तोंडावर पाणी मारलं.